प्रोजेक्टमधल्या फाईली कुठे ठेवायच्या: नुकतंच कोड लिहायला लागलेल्यांसाठी

यवतमाळ, वाशीम, अमरावतीकडे आता तालुक्या-तालुक्यात पोट्टे कोड लिहून राहिले. कोणी बीसीए करून घरी आला, कोणी पॉलिटेक्निकचा आहे, कोणी नुसतं मोबाईलवर व्हिडिओ पाहून पायथन शिकला, आणि पहिलं काम बहुतेक ओळखीतूनच मिळते, म्हणजे गावच्या कृषी केंद्राची उधारी, डेअरीचं दूध संकलन, नाहीतर कापूस खरेदीवाल्याचा हिशोब. प्रोग्राम चालते, मालक खूश होतो. मग पुढच्या हंगामात तो म्हणतो, "भाऊ, पावतीवर फार्मर आयडीचा एक रकाना वाढवून दे ना," आणि त्या एका रकान्यासाठी सात-आठ फाईली उघडाव्या लागतात, त्यातली एखादी सुटते, आणि ऐन गर्दीत ट्रॅक्टरची लाईन लागलेली असताना पावतीच निघत नाही. हे कोड वाईट लिहिल्यामुळेच होते असं नाही, बरेचदा कोड बरोबर असते पण चुकीच्या जागी असते. म्हणून फाईली कुठे ठेवायच्या हे कसं ठरवायचं ते इथे सांगतो. उदाहरण शेवटपर्यंत कापूस खरेदीचंच धरू आणि भाषा पायथन, फ्रेमवर्क (म्हणजे वेबसाईट बनवायचा तयार सांगाडा) जँगो, कारण आपल्याकडे नवीन पोरं जास्त करून तिथूनच सुरू करतात.

फोल्डर नंतर, कागद आधी

नवीन प्रोजेक्ट उघडला की लगेच फोल्डर बनवत बसू नका. इंटरनेटवरून कोणाचा तरी तयार साचा उतरवायचा, ज्यात कंट्रोलर्स, सर्व्हिसेस, रिपॉझिटरीज, हेल्पर्स असे दहा-बारा फोल्डर असतात, आणि प्रत्येकात एकेक फाईल टाकायची, हे मला लय ठिकाणी दिसते. तो साचा ज्यांनी बनवला त्यांच्या अडचणी वेगळ्या होत्या, त्यांची टीम मोठी होती, तुमचं तर अजून कोडच लिहून झालं नाही. माझं मत विचाराल तर तीनशे-चारशे ओळींपर्यंत सगळं एका फाईलीत असलं तरी काही बिघडत नाही, उलट कंट्रोल-एफ मारलं की सापडते.

त्या वेळात एक कोरा कागद घ्या आणि खरेदी केंद्रावर जी जी कामं होतात ती लिहून काढा. कोडमधली कामं नाही, केंद्रावरची. शेतकऱ्याची नोंद, भरलेल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन, ओलावा तपासणं, भाव लावणं, हिशोबपट्टी छापणं, चुकारा करणं, संध्याकाळी मालकाला दिवसभराचा रिपोर्ट देणं. आता प्रत्येक कामासमोर लिहा की हे कधी बदलेल आणि कोणाच्या सांगण्यावरून बदलेल. भाव दर हंगामाला बदलेल. काटा नवीन घेतला तर त्याच्या केबलमधून आकडा ज्या पद्धतीने येतो ती बदलेल. हिशोबपट्टीचा नमुना मालक सांगेल तसा बदलेल, आणि चुकाऱ्यासाठी बँकेला जी फाईल पाठवतो तिचे रकाने बँक बदलेल. ज्या गोष्टी एकाच कारणाने बदलतात त्या एकाच ठिकाणी ठेवा, ज्या वेगवेगळ्या कारणांनी बदलतात त्या वेगळ्या करा. बाकी सगळे नियम मला याच्यापुढे दुय्यम वाटतात.

हा विचार काही नवीन नाही. संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड पार्नास यांनी १९७२ मध्ये एका लेखात हाच मुद्दा मांडला होता. त्यांनी एकच छोटा प्रोग्राम दोन पद्धतीने तोडून दाखवला, एकदा पायऱ्यांप्रमाणे म्हणजे आधी इनपुट मग प्रोसेस मग आउटपुट, आणि दुसऱ्यांदा असा की बदलण्यासारखा प्रत्येक निर्णय एकेका भागाच्या आत झाकला जाईल. पहिल्या पद्धतीत छोट्या बदलासाठी जवळजवळ सगळेच भाग उघडावे लागत होते, दुसऱ्या पद्धतीत बहुतेक वेळा एकच. पन्नास वर्षं उलटून गेली तरी ही गोष्ट आपल्या खरेदी केंद्राच्या प्रोग्रामला जशीच्या तशी लागू पडते.

एक नियम जवळून पाहू: ओलावा

सीसीआयच्या म्हणजे भारतीय कापूस महामंडळाच्या खरेदीत कापसाचा ओलावा ८ टक्क्यांपर्यंत असला तर पूर्ण हमीभाव, त्याच्यावर १२ टक्क्यांपर्यंत भावात कपात, आणि १२ च्या वर असला तर माल घेत नाहीत. २०२५-२६ च्या हंगामाला लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८११० रुपये होता, त्याच्या आधीच्या हंगामाला ७५२१. समजा ओलावा १० निघाला आणि टक्क्यामागे एक टक्का कपात धरली, तर ८११० मधून १६२ रुपये २० पैसे जातात आणि भाव पडते ७९४७ रुपये ८० पैसे. १२ क्विंटल ४० किलो कापसाचे झाले ९८,५५२ रुपये ७२ पैसे.

आता हा हिशोब नवीन पोराच्या प्रोजेक्टमध्ये कुठे कुठे असते ते पाहा. फॉर्म सेव्ह होतो तिथे व्ह्यूमध्ये (स्क्रीनवरून आलेलं काम सांभाळणारं कोड) एकदा, स्क्रीनवर लगेच रक्कम दिसावी म्हणून जावास्क्रिप्टमध्ये एकदा, हिशोबपट्टीच्या टेम्प्लेटमध्ये (पानाचा साचा) एकदा, आणि रिपोर्टच्या क्वेरीमध्ये चौथ्यांदा. चारही ठिकाणी आज आकडा सारखाच येते म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. पण एखाद्या खाजगी जिनिंगवाल्याला कपातीचा नियम वेगळा पाहिजे असला, आणि तुम्ही तीन ठिकाणी बदलला पण रिपोर्टमध्ये राहून गेला, की पट्टीवर एक रक्कम आणि मालकाच्या रिपोर्टमध्ये दुसरी, आणि मग शेतकरी काउंटरवर उभा राहून विचारते की खरं कोणतं. त्याच्या सालभराच्या मेहनतीचे पैसे आहेत ते, तिथे असा घोळ चालत नाही.

म्हणून या नियमाला स्वतःची फाईल द्या, नाव ठेवा "भाव डॉट पीवाय". आत एक फंक्शन, त्याला तीन गोष्टी द्यायच्या, निव्वळ वजन, ओलावा आणि त्या दिवशीचा भाव, आणि ते रक्कम परत देते. या फाईलीला डेटाबेस माहीत नसावा, स्क्रीन माहीत नसावी, प्रिंटर तर नाहीच नाही. व्ह्यू, पट्टी आणि रिपोर्ट सगळ्यांनी रक्कम हिलाच विचारायची, स्क्रीनवर लगेच दाखवायची असली तरी जावास्क्रिप्टने सर्व्हरला विचारून आणायची. फायदा असा की हिची टेस्ट लिहायला ना सर्व्हर चालू करावा लागत ना डेटाबेस लागत, वरचं ९८,५५२.७२ चं उदाहरण सरळ टेस्टमध्ये टाकून द्या. पैशाला फ्लोट वापरू नका, डेसिमल वापरा, नाहीतर पैशा-पैशाचा फरक पडत राहते.

आणि ८११० हा आकडा मात्र या फाईलीत लिहू नका. हिशोबाचा नियम कोडमध्ये ठेवायचा, पण भाव ही माहिती आहे, ती डेटाबेसमध्ये तारखेसकट ठेवायची, कारण गेल्या वर्षीची पट्टी परत छापायची वेळ आली तर तिच्यावर गेल्या वर्षीचाच भाव लागला पाहिजे. कोडमध्ये काय जाते आणि डेटामध्ये काय जाते हे वेगळं करणं हा पण फाईली लावण्याचाच भाग आहे, आणि तो बहुतेक जण विसरतात.

प्रकारानुसार की कामानुसार

आता फोल्डर. पद्धती दोनच आहेत. एक म्हणजे प्रकारानुसार, सगळे मॉडेल (डेटाबेसच्या टेबलची व्याख्या) एका फोल्डरात, सगळे व्ह्यू दुसऱ्यात, सगळे टेम्प्लेट तिसऱ्यात. दुसरी कामानुसार, म्हणजे "शेतकरी" फोल्डरात शेतकऱ्याचं मॉडेल, व्ह्यू, टेम्प्लेट सगळं, "खरेदी" फोल्डरात वजन, ओलावा आणि पट्टी, "चुकारा" फोल्डरात बँकेचं सगळं. प्रकारानुसार लावलेलं सुरुवातीला लय नीटनेटकं दिसते, पण मालक कधीच येऊन म्हणत नाही की सगळे व्ह्यू बदलून दे, तो म्हणतो चुकाऱ्याचं थोडं बदलायचं आहे. काम जसं येते तशी फाईलींची मांडणी पाहिजे, म्हणून मी कामानुसारच्या बाजूने आहे. लिनक्स कर्नलचा म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा सोर्स उघडून पाहा, वरच्या पातळीला एफएस म्हणजे फाईल सिस्टीम, नेट म्हणजे नेटवर्क, एमएम म्हणजे मेमरी, ड्रायव्हर्स असे फोल्डर आहेत, आणि एफएसच्या आत ईएक्सटी४ या एका फाईल सिस्टीमचा पुन्हा स्वतःचा फोल्डर. एवढा अवाढव्य प्रोजेक्ट पण कामानुसारच कापलेला आहे.

जँगोमध्ये हे सोपं जाते कारण तिथे "ॲप" म्हणजेच कामाचा फोल्डर, आणि ॲपच्या आत मॉडेल्स, व्ह्यूज, मायग्रेशन्स (मॉडेल बदललं की डेटाबेस बदलणाऱ्या फाईली) असं प्रकारानुसार आपोआप असते. वर कामानुसार आणि आत प्रकारानुसार, ही जोडी चांगली आहे. फ्रेमवर्कची स्वतःची पद्धत असली तर तिच्याशी भांडू नका, पुढे येणाऱ्या पोराला ती आधीच माहीत असते. काही भाषांत तर तुम्हाला पूर्ण मोकळीक नसतेच, जावामध्ये पब्लिक क्लासचं नाव आणि फाईलीचं नाव एकच लागते, गोमध्ये एका फोल्डरातलं सगळं कोड एकाच पॅकेजचं असते. ते आधी वाचून घ्या.

किती ॲप करायचे? कमी. आपल्या उदाहरणाला तीन बस झाले. आणि इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण बाकीच्या चुका सुधारता येतात, ही महाग पडते. जँगोमध्ये टेबलचं नाव ॲपच्या नावावरून पडते. शेतकऱ्याचं मॉडेल "खरेदी" ॲपमध्ये बनवलं, हजारो शेतकऱ्यांची नोंद झाली, आणि मग वाटलं की हे "शेतकरी" ॲपमध्ये पाहिजे होतं म्हणून कोड कट-पेस्ट केलं, तर मायग्रेशन बनवताना जँगो समजते की जुनं मॉडेल काढून टाकलं आणि एक नवीन रिकामं मॉडेल आलं. ते मायग्रेशन न वाचता चालवलं तर नोंदी गेल्या. व्ह्यू, टेम्प्लेट, हिशोबाच्या फाईली कधीही हलवता येतात, मॉडेल हलवायला टेबलचं नाव हाताने बांधून वेगळं मायग्रेशन लिहावं लागते, आणि ते आधी बॅकअपच्या कॉपीवर चालवून पाहावं लागते. म्हणून विचार करायला जो वेळ आहे तो मॉडेल कोणत्या ॲपमध्ये जाईल यावर घालवा, बाकीचं पुढे पाहता येते.

कोणी कोणाला इम्पोर्ट करायचं

इम्पोर्ट म्हणजे एका फाईलीने दुसऱ्या फाईलीतलं कोड वापरायला घेणं. फोल्डर झाले की कोण कोणाला इम्पोर्ट करते त्याचे कागदावर बाण काढा. खरेदीला शेतकरी माहीत पाहिजे, चुकाऱ्याला खरेदी माहीत पाहिजे, पण शेतकऱ्याला चुकारा माहीत असायची गरज नाही. बाण एकाच दिशेने गेले पाहिजेत. खरेदीने चुकाऱ्याला इम्पोर्ट केलं आणि चुकाऱ्यानं खरेदीला, की पायथन अडकते, कारण इम्पोर्ट करताना ते फाईल वरून खाली चालवत जाते, अर्ध्यात दुसऱ्या फाईलीत जाते, आणि ती दुसरी फाईल पहिलीतली अशी गोष्ट मागते जी अजून बनलेलीच नाही. एररमध्ये "पार्शियली इनिशियलाइज्ड मॉड्यूल" असं दिसलं की समजायचं हेच झालं. इम्पोर्ट फंक्शनच्या आत ढकललं की एरर जाते, तात्पुरतं ठीक आहे, पण खरा उपाय म्हणजे दोघांनाही जे लागते ते तिसऱ्या फाईलीत काढा. आपल्या उदाहरणात बरेचदा ती तिसरी फाईल म्हणजे "भाव"च निघते.

नावं

यूटिल्स, कॉमन, हेल्पर्स, मिसलेनियस ही नावं टाळा. अशी फाईल एकदा बनली की ज्याची जागा सुचत नाही ते सगळं तिच्यात जाऊन पडते आणि सालभरात ती सगळ्यात मोठी फाईल होते. हिशोबपट्टीवर रक्कम अक्षरी लिहायची असते, लाख-हजारचे स्वल्पविराम टाकायचे असतात, ते कोड खरंच सगळीकडे लागते, तर त्याची फाईल करा पण नाव ठेवा "रक्कम". "न्यू", "फायनल", "फायनल२" असं काही ठेवू नका, जुनं सांभाळायला गिट आहे, ते कोडचे बदल नोंदवून ठेवते.

मराठी शब्द इंग्रजी अक्षरात लिहायचा असला तर स्पेलिंग एकदाच ठरवा आणि कुठेतरी लिहून ठेवा, नाहीतर एका फाईलीत शेतकरीच्या शेवटी आय, दुसरीत डबल ई, आणि शोधायला गेलं की अर्धेच सापडतात. नावं सगळी लहान अक्षरात, मधात स्पेस नाही, पाहिजे तर अंडरस्कोर. हे नुसतं दिसायला चांगलं म्हणून सांगत नाही. आपण विंडोजच्या लॅपटॉपवर काम करतो, तिथे मोठं आर आणि लहान आर फाईलीच्या नावात एकच धरल्या जाते, सर्व्हर मात्र लिनक्सचा असते आणि तिथे त्या दोन वेगळ्या फाईली. घरी चालते, सर्व्हरवर "टेम्प्लेट सापडलं नाही" येते, आणि रात्रभर कारण सापडत नाही. असं नाव बदलायचं झालं तर एक्सप्लोररमधून नको, गिटच्या एमव्ही कमांडने बदला.

पायथनच्या स्वतःच्या मॉड्यूलचं नाव पण आपल्या फाईलीला देऊ नका. बँकेसाठी सीएसव्ही फाईल बनवायचं कोड लिहिलं आणि फाईलीचं नाव "सीएसव्ही डॉट पीवाय" ठेवून स्क्रिप्ट चालवली, तर पायथन त्या स्क्रिप्टच्या फोल्डरात आधी पाहते, तुमचीच फाईल उचलते, आणि मग त्यात रायटर नाही म्हणून ओरडते. कॅलेंडर, ईमेल, रँडम या नावांचं पण तेच.

सोर्समध्ये काय येऊ द्यायचं नाही

पहिल्या दिवशी, पहिल्या कमिटच्या म्हणजे गिटमधल्या पहिल्या नोंदीच्या आधी गिटइग्नोर फाईल बनवा, तिच्यात लिहिलेलं गिट घेत नाही. त्यात व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटचा फोल्डर, पायकॅश, नोड मॉड्यूल्स, एसक्यूलाइटची डेटाबेस फाईल, अपलोड झालेले फोटो, बनलेल्या पट्ट्यांच्या पीडीएफ आणि पासवर्डवाली ईएनव्ही फाईल. आपल्याकडे पुश (कोड गिटहबसारख्या साईटवर चढवणं) मोबाईलच्या डेटावरून होते, नोड मॉड्यूल्स चुकून गेलं तर दिवसाचा डेटा तिथेच संपते, आणि १०० एमबीच्या वरची फाईल तर गिटहब घेतच नाही. लक्षात ठेवा, आधीच कमिट झालेली फाईल गिटइग्नोरमध्ये लिहिल्याने जात नाही, ती गिटमधून वेगळी काढावी लागते, आणि काढली तरी जुन्या कमिटमध्ये राहतेच. पासवर्ड एकदा गेला असला तर तो पासवर्डच बदला.

याच्यापेक्षा जास्त काळजीची गोष्ट म्हणजे टेस्टसाठी म्हणून मालकाची खरी एक्सेल फाईल प्रोजेक्टमध्ये ठेवणं. त्यात गावातल्या लोकांचे आधार नंबर, बँक खाते, मोबाईल असतात. ते आपल्यावर विश्वास ठेवून दिलेले आहेत, ते रिपॉझिटरीत म्हणजे गिटच्या साठ्यात जाता कामा नये, प्रायव्हेट असली तरी नाही. दहा-वीस खोट्या नावांची फाईल बनवा आणि तीच वापरा.

उलट काही गोष्टी गिटमध्ये असल्याच पाहिजेत, रिक्वायरमेंट्सची फाईल (कोणत्या लायब्ररी लागतात ते), लॉक फाईल (त्यांच्या नेमक्या आवृत्त्या), आणि जँगोचे मायग्रेशन. मायग्रेशन इग्नोर करायचा सल्ला काही जण देतात, तो ऐकू नका, तुमच्या लॅपटॉपवरचा आणि सर्व्हरवरचा डेटाबेस जुळवून ठेवायचं तेच एक साधन आहे. टेस्ट प्रत्येक ॲपच्या आत ठेवा किंवा बाहेर एका फोल्डरात, दोन्ही चालते, फक्त नाव "टेस्ट अंडरस्कोर"ने सुरू करा म्हणजे टेस्ट चालवणाऱ्या पायटेस्टला सापडते.

आधीच पसारा झाला असला तर

दोन-तीन हजार ओळींचं व्ह्यूज हातात आलं असलं तर ते एका रात्रीत लावायला जाऊ नका, आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी खरेदी जोरात असताना तर हातच लावू नका. पेरणीच्या दिवसांत केंद्र बंद असते, तेव्हा करा. कुठून तोडायचं हे अंदाजाने ठरवण्यापेक्षा गिट लॉगला नेम-ओन्ली लावून पाहा, कोणत्या फाईली दरवेळेस सोबत बदलल्या ते दिसते. ज्या नेहमी सोबत बदलतात त्या एका फोल्डरात यायला पाहिजेत. सुरुवात अशा कोडपासून करा जे कोणालाच इम्पोर्ट करत नाही, म्हणजे भाव, रक्कम, तारखा. एक तुकडा हलवला, टेस्ट चालवली, कमिट केलं, मग दुसरा.

हलवायचं कमिट वेगळं आणि बदल करायचं कमिट वेगळं ठेवा. गिट "फाईल हलवली" असं कुठे लिहून ठेवत नाही, ते जुन्या-नव्या फाईलीतला मजकूर किती सारखा आहे ते पाहून अंदाज करते, आणि साधारण अर्ध्याच्या वर जुळलं तरच ती हलवलेली फाईल धरते. हलवता हलवता आतलं पण बदललं तर तिचा जुना इतिहास तुटल्यासारखा दिसते, आणि ही ओळ कोणी, कायले लिहिली होती ते मग शोधत बसावं लागते.

सगळं झालं की वरच्या फोल्डरात रीडमी लिहा, प्रोजेक्ट चालू कसा करायचा आणि कोणत्या फोल्डरात काय आहे, फोल्डरामागे एक ओळ. एखाद्या फोल्डराची ओळ लिहिताना "आणि इतर" लिहावं लागलं तर तो फोल्डर अजून नीट कापलेला नाही असं समजा. मग गावातल्या दुसऱ्या एखाद्या कोड लिहिणाऱ्या पोट्ट्याला बोलवा, ज्याने हा प्रोजेक्ट कधी पाहिला नाही, त्याला लॅपटॉप द्या आणि म्हणा की हिशोबपट्टीवर फार्मर आयडीचा रकाना टाक. तुम्ही काही बोलू नका, नुसतं पाहा तो पहिले कोणता फोल्डर उघडते. तो जिथे आधी गेला, शक्य असलं तर फाईल तिथे नेऊन ठेवा.